अजून एक थांबा, नऊ वेळा

दवाखान्यात माझं आणि हिचं शेवटचं भांडण झालं ते एका गाण्यावरून. भांडण म्हणजे तरी काय, तिच्यात भांडायची ताकद उरली नव्हती आणि माझ्यात धीर. माझ्या मेहुण्याने मोबाइलवर तिचं आवडतं गाणं लावलं होतं. मग तेच गाणं दुसऱ्या कुणी म्हटलेलं, मग तिसऱ्याने म्हटलेलं. मी खिडकीशी बसून संत्रं सोलत होतो. मी म्हणालो, "मला तर सगळी सारखीच वाटतात."

हिने डोळे उघडले. "सारखी?"

"तेच गाणं, तीच चाल. गाणारा बदलतो एवढंच."

"घरच्या कॅसेटवरचं नववं ऐका," ती म्हणाली. "आणि मग सांगा मला, सारखी आहेत का."

"बरं, ऐकतो."

"नुसतं बरं नको. ऐका."

पाचव्या दिवशी ती गेली. तोवर मी नववं ऐकलं नव्हतं. घरी जायचो ते कपडे बदलायला, तेव्हा गाणी कुठली ऐकणार. पण नंतर चार महिने तो प्रश्न माझ्यामागे घरभर फिरला. तिने मला संसारात हजार गोष्टी विचारल्या असतील आणि मी बहुतेकांना "बघू" म्हणालो असेन. ही एकच अशी राहिली की जिचं उत्तर अजून देता येण्यासारखं होतं.

गाणं परक्या भाषेतलं आहे. आमच्या तरुणपणी चार पोरांच्या एका बँडने वाजवलेलं, दोन गिटार आणि ढोल बडवल्यासारखे ड्रम. त्याची गोष्ट हिनेच मला सांगितली होती. एक माणूस बसमध्ये बसलाय. त्याचा थांबा येतो, पण तो उतरत नाही. ड्रायव्हरला म्हणतो, अजून एक थांबा. पुढचा येतो, तेव्हाही तेच. एवढंच. तो का उतरत नाही ते गाण्यात कुठेही सांगितलेलं नाही. मी तेव्हा विचारलं होतं, "मग तिकीट कुठपर्यंतचं काढलंय त्याने?" त्यावर तिने मला गाण्याबद्दल पुढे काही सांगणं बंद केलं.

मी कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनचा मेकॅनिक होतो. चाळीस वर्षं तेच काम. ही तिथेच कॉलर लावायच्या रांगेत होती. आमची ओळख कशी झाली तो किस्सा मी तीस वर्षं पाहुण्यांना सांगत आलोय. मी तेलाची बुधली घेऊन रांगेतून चाललो होतो, तर कुठूनतरी बारीक, एकसारखा आवाज यायला लागला. वाटलं, एखादं बेअरिंग कामातून चाललंय. मी एकेका मशीनला कान लावत गेलो. सातव्या मशीनशी पोचलो तर आवाज मशीनमधून येत नव्हता, मशीनवरची मुलगी गुणगुणत होती. मी म्हणालो, "अरेच्चा, मला वाटलं बेअरिंग गेलं!" अख्खी रांग हसली. तीही हसली. त्यानंतर लग्न, मुलगी, घर, सगळं झालं. पण हिला पुन्हा कधी गुणगुणताना मी ऐकलं नाही. किस्सा सांगताना मी हे शेवटचं वाक्य कधी सांगितलं नाही, कारण ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तर, नववं गाणं. कॅसेट कपाटात होती, पांढऱ्या कागदावर हिच्या अक्षरात 'अजून एक थांबा' असं लिहिलेली. सोबत शाळेच्या वहीएवढी एक वही. टेपरेकॉर्डर माळ्यावर होता. तो खाली काढला, पुसला, लावला. आत मोटर फिरत होती पण चाक हलत नव्हतं. उघडून पाहिलं तर मोटरवरून चाकावर जाणारा रबरी पट्टा वितळून काळ्या गुळासारखा झाला होता. वीस वर्षांच्या रबराचं हेच होतं. मी ते खरवडून काढलं, चाकं स्पिरिटने पुसली आणि कॅसेट घेऊन मेहुण्याकडे गेलो.

मेहुणा हिचा धाकटा भाऊ. एका मोठ्या हॉलमध्ये माइक आणि स्पीकर सांभाळतो. त्याला घरात सगळे कानसेन म्हणतात. हे नाव हिनेच ठेवलेलं, कारण लहानपणी हा स्वतः कधी गायचा नाही, दुसरा गायला की फक्त चुका काढायचा. त्याच्या घरी एक खोली नुसती यंत्रांची आहे.

"दाजी, पाय वर घ्या, खाली वायर आहे," तो म्हणाला. "आणि आता बोलायचं नाही हं. तुम्ही सिनेमातसुद्धा बोलता."

"यातली गाणी तूच भरून दिलीस ना तिला?"

"आठेक दिली असतील. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नववं कुणाकडून आणलं कोण जाणे. ताई कुणालाही मागायची. एकदा तिने आमच्या हॉलच्या मॅनेजरला मागितलं होतं."

मी हिची वही उघडली. पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, 'वेळा आपल्या मशीनवरच्या.' खाली एक ते नऊ आकडे, पुढे प्रत्येकाची वेळ, मिनिटं आणि सेकंद. कारखान्यात सुपरवायझर घड्याळ धरून कॉलरची वेळ मोजायचा, ती सवय तिला जन्माची लागली होती. अंडीसुद्धा ती सेकंदांवर उकडायची. त्यापुढे शेरा. आणि शेवटी दहापैकी मार्क. फक्त नवव्यापुढे शेरा नव्हता आणि मार्कांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ह्यांनी ऐकल्यावर.'

म्हणजे मार्क मी द्यायचे होते. मी खिशातून पेन काढलं.

त्या दिवशी आम्ही नऊच्या नऊ ऐकली. मी खरंच सांगतो, पहिली तीन होईपर्यंत मला काही कळत नव्हतं. मग कानसेन म्हणाला, "दाजी, सगळं ऐकू नका. फक्त ती एक ओळ ऐका. 'अजून एक थांबा' म्हणतात ना, ती. कोण कसं म्हणतो ते बघा."

असं सांगितल्यावर मला रस्ता सापडला. पहिलं मूळ गाणं. त्यात तो पोरगा ड्रायव्हरवर ओरडतो. दुसऱ्यातला नुसता सांगतो, जसं आपण रिक्षावाल्याला सांगतो. तिसरं शाळेतल्या पोरांनी म्हटलंय, पन्नास पोरं एकदम, त्यांना उतरायचंच नाहीये कारण बसमध्ये मजा येतेय. चौथ्यात गिटारवालाच इतका वेळ घेतो की बस डेपोत जाऊन पोचेल. पाचवं एका बाईचं, सोबत फक्त पियानो. ती ओळ आली की पियानो थांबतो आणि बाई इतकी हळू म्हणते की ड्रायव्हरला ऐकू गेलं नसणार. तिला ते माहीत आहे असं वाटतं. सहाव्यात शब्दच नाहीत, सॅक्सोफोन आहे. सातवं मैदानातलं, तिथे गाणारा गप्प बसतो आणि लोक म्हणतात. आठवं म्हणजे पहिल्यातलाच गाणारा, पण म्हातारा झाल्यावर. तो ओरडत नाही, विचारतो. अजून एक थांबा चालेल का, असं.

"पुन्हा लाव आठवं," मी म्हणालो.

"आलं का लक्षात?"

"तोच माणूस ना हा?"

"तोच. मधे तीस वर्षं गेली."

मला स्वतःचीच लाज वाटली. कारखान्यात एकाच कंपनीची, एकाच दिवशी आलेली साठ मशीनं होती. डोळे मिटून मी सांगायचो, हे अकरावं बोलतंय, हे चाळिसावं. कुणी म्हणालं असतं की सगळी सारखीच, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग नववं आलं. आधी बराच वेळ नुसती खरखर. मग एक आवाज, सोबतीला काहीच नाही. जड, ओढत म्हटल्यासारखा. बाई की मुलगा तेही नीट कळेना. मधे मधे श्वास घेतोय तेही ऐकू येत होतं. एक कडवं, ती ओळ, मग दुसरं कडवं. आणि दुसऱ्यांदा ती ओळ यायच्या आत मागे कुठेतरी खोल घंटा वाजली, काहीतरी फरफटलं, एक टिचकी आणि संपलं.

"हे घरी भरलेलं आहे," कानसेन म्हणाला. "खोलीचा आवाज येतोय. कॉलेजचं पोरगं असेल एखादं. सर्दी झालेलं."

"हे ऐकायला सांगितलं तिने मला?"

"ताईचं काय सांगावं. आवडलं असेल काहीतरी."

"अरे, झोपेतून उठवून गायला बसवल्यासारखं गातोय. पूर्णसुद्धा केलं नाही."

मी दोन मार्क दिले. पेनाने. शेऱ्यात लिहिलं, 'झोपेत आहे. अर्धवट.' मग वही मिटली, आणि मला वाटलं, झालं काम. उत्तर मिळालं, सारखी नाहीत. नववं सगळ्यांत वाईट आहे.

पण घरी येताना मन काही ऐकेना. तिने ज्यासाठी एवढं सांगितलं ते हे असणं शक्य नव्हतं. घरी येऊन मी तिचे शेरे नीट वाचायला बसलो, आणि तिथे घोळ सुरू झाला. दुसऱ्या गाण्याला तिने लिहिलं होतं, 'गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा गातो.' मला तर तो निवांत वाटला होता. तिसऱ्याला लिहिलं होतं, 'चिमण्या.' पाचव्या बाईला, 'छान, पण शाळकरी मुलीचा आवाज.' मी ऐकलेली बाई चांगली पन्नाशीची होती. म्हणजे गाणी तीच, क्रम तोच, आणि आम्हा दोघांना ऐकू आलं ते वेगळंच.

मी मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, दातांची डॉक्टर आहे.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो. आईला कानाचा काही त्रास होता का गं?"

"आईला? आईला शेजारच्यांच्या घरातला कुकर ऐकू यायचा. भाजी काय आहे ते सोडून सगळं सांगायची. का हो?"

मी तिला सगळं सांगितलं.

"औषधांमुळे होतं कधी कधी," ती म्हणाली. "गोळ्यांनी ऐकू येणं बदलतं."

"वहीवर तारखा आहेत. पंधरा वर्षांपूर्वीच्या. तेव्हा कसल्या गोळ्या?"

"तुम्ही परत ऐका ना. आणि बाबा, नुसता चहा पिऊन जेवलो म्हणू नका."

परत ऐकलं. दोन दिवसांनी मी पुन्हा कानसेनकडे गेलो, या वेळी घड्याळ घेऊन. ही मोजायची तशी मीही वेळ मोजली. पहिलं गाणं, तिच्या वहीत बरोबर चार मिनिटं. माझ्या घड्याळात चार मिनिटं चोवीस सेकंद.

"ताईने घाईत बटण दाबलं असेल," कानसेन म्हणाला.

"तिने? अंडं कधी कच्चं निघालं नाही तिचं."

दुसरं, तिच्याकडे तीन मिनिटं वीस सेकंद. माझ्याकडे तीन मिनिटं चाळीस. मी कागदावर लिहीत गेलो. चौथं, तो लांबलचक गिटारवाला, तिच्याकडे पाच मिनिटं, माझ्याकडे साडेपाच. मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"दहाला एक," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"चोवीस, वीस, तीस सेकंद. फरक वेगवेगळा दिसतो, पण गाण्याच्या लांबीशी ताडून बघ. दर दहा सेकंदांना एक. प्रत्येक वेळी तेवढाच. अरे, माणसाची चूक दर वेळी वेगळी असते. दर वेळी तीच चूक करतं ते मशीन."

कानसेनने यंत्र बंद केलं. मग म्हणाला, "दाजी, तुमचा तो टेपरेकॉर्डर तुम्ही कधी दुरुस्त केला होता का?"

आणि मला आठवलं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्याचा पट्टा तुटला होता. हिला तो लगेच हवा होता, आणि पट्टा मिळेना. मी म्हणालो, त्यात काय, आणि माझ्या डब्यातून एक रबरी रिंग काढली. कारखान्यातल्या मशीनच्या तेलाच्या टाकीला झाकणाखाली बसवायची गोल, जाड रिंग. मापाला अशी बसली की जणू त्याच्यासाठीच केली होती. टेप चालू झाला. मी म्हणालो, "बघ! कंपनीवाल्याने आठ दिवस लावले असते." हिने मान तिरपी करून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "छान झालं."

आता मला कळलं काय झालं होतं ते. मोटरची पुली असते बोराएवढी. तिच्यावर पातळ पट्ट्याच्या जागी जाड रिंग बसली की पुलीचा घेर वाढतो, आणि घेर वाढला की पुढचं चाक जोरात फिरतं. शिवणयंत्रावर ही चूक शिकाऊ पोराने केली असती तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. घरी मीच केली, वर शाबासकीही घेतली.

कानसेन आधी हसू आवरत होता, मग त्याला आवरेना. "म्हणजे दाजी, माझी बहीण पंधरा वर्षं सगळी गाणी पळत पळत ऐकत होती!"

"तिने सांगायचं ना मग!"

"तुम्हाला? तुमच्या रिपेरिंगबद्दल?" त्याने डोळे पुसले. "एकदा म्हणाली होती मला, आमचं मशीन जरा उत्साही आहे म्हणून. मला वाटलं तुमच्याबद्दल बोलतेय."

मी वही उघडली. पहिल्या पानावरची पहिली ओळ. 'वेळा आपल्या मशीनवरच्या.' तिला सगळं माहीत होतं. लिहूनही ठेवलं होतं. मीच वाचून पुढे गेलो होतो.

निघताना कानसेनने मला एक नवा पट्टा दिला, त्या टेपरेकॉर्डरच्या नेमक्या मापाचा. त्याच्याकडे असल्या गोष्टींचा खण आहे. "आता नीट बसवा," तो म्हणाला. "कंपनीवाल्यासारखा."

रविवारी सकाळी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि टेपरेकॉर्डर उघडला. नवा पट्टा हातात घेतला, पण तो बसवावासा वाटेना. नीट वेगात गाणी मी दोनदा ऐकली होती. मला ऐकायचं होतं ते तिने ऐकलेलं. नवव्यात तिला काय ऐकू येत होतं ते बरोबर पट्ट्यावर कधीच कळलं नसतं. मी माझा जुना डबा काढला. वॉशर, स्प्रिंगा, मोडक्या सुया, कारखान्याच्या कागदाच्या पुड्या. एका पुडीत त्याच रिंगा होत्या, पाच शिल्लक. चार कडक झाल्या होत्या, वाकवल्या की तुटत होत्या. पाचवी आतल्या बाजूला होती, तिच्यात जीव होता. ती बसवली. कॅसेट लावली.

पहिल्याच गाण्याला मला हसू फुटलं. तो पोरगा असा ओरडत होता की बस त्याला सोडून निघालीय. दुसऱ्याचं दूध खरोखर उतू चाललं होतं. तिसरी पोरं म्हणजे चिमण्याच, दुसरा शब्द नाही. पियानोवाली बाई शाळेचा डबा घेऊन बसमध्ये चढली होती. मी वही समोर धरली होती, आणि एकेक शेरा कुलपात किल्ली फिरावी तसा बसत होता. मी मोठ्याने म्हणालो, "बरोबर आहे गं तुझं." घरात कुणी नव्हतं, पण तसं म्हणालो.

आठवंसुद्धा घाईत होतं. म्हातारा विचारत होता, पण भराभर. नऊ मार्क दिले होते तिने त्याला. त्या घाईतूनही तिला त्याचं विचारणं ऐकू आलं होतं.

मग खरखर. मी पुढे सरकून बसलो. माझा हिशेब होता की आता तो सर्दी झालेला पोरगाही पळेल, आणि मजा येईल.

तो पळाला नाही. गाणं पळत नव्हतं. आठही गाणी या मशीनवर घाईत होती, आणि हे एकच आपल्या चालीने, नीट, जसं माणूस गातो तसं चाललं होतं. मी मेकॅनिक आहे, मला पहिल्यांदा त्याचा अर्थच लागला. जे गाणं या मशीनवर बरोबर वाजतं ते या मशीनवरच भरलेलं असणार. भरताना जेवढा जास्त वेग, वाजवताना तेवढाच, म्हणून फिटंफाट. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर ते जड आणि झोपेतलं वाटणार. म्हणजे हे या घरात भरलेलं होतं.

एवढा विचार होईतो दुसरं कडवं सुरू झालं होतं, आणि मी आवाजाकडे लक्ष दिलंच नव्हतं. मग घंटा वाजली. टिंग-टाँग. खोल नाही, कुठे दूर नाही. ती आमच्या दाराची जुनी घंटा होती, मी स्वतः बसवलेली, आता चार वर्षं झाली ती काढून. मी दाराकडे बघितलंसुद्धा. टेपमध्ये खुर्ची सरकली, आमच्या स्वयंपाकघरातली, जिचा एक पाय फरशीवर ओरडतो. आणि मग एक आवाज आला, जो कानसेनकडे आम्हाला टेपची टिचकी वाटला होता. "च्च."

तो "च्च" मी पस्तीस वर्षं ऐकलाय. मी चपला उंबऱ्यात काढल्या की, पाहुण्यांसमोर तिकिटाचा विनोद केला की, सहा दहाला घरी यायचं आणि मी सहा पाचला आलो की. घंटा वाजवणारा मी होतो. ती उठली, बटण दाबलं आणि मला दार उघडायला गेली. मी बहुधा विचारलं असेन, चहा आहे का.

मी कॅसेट मागे फिरवली आणि सुरुवातीपासून ऐकलं. हिचा आवाज. बारीक, एकसारखा. सातव्या मशीनवरचा. घाबरत सुरुवात केलीय, पहिल्या कडव्यात दोनदा शब्द अडखळलेत, परके शब्द आहेत. पण ती ओळ आली तेव्हा ती ओरडत नाही आणि ड्रायव्हरला विचारतही नाही. ती ड्रायव्हरशी बोलतच नाहीये. शेजारच्या सीटवर कुणी उठायला लागलंय आणि त्याला ती सांगतेय, बसा हो, अजून एक थांबा. आठ जणांत तसं कुणी म्हटलेलं नाही.

मी चार वेळा ऐकलं. मग कानसेनला फोन केला आणि म्हणालो, ये.

तो आला, बसला, ऐकलं. "च्च" आल्यावर त्याने चष्मा काढला.

"कानसेन म्हणे," मी म्हणालो. "सख्खी बहीण ओळखता आली नाही."

"आणि तुम्ही दोन मार्क दिलेत, दाजी."

"दिले खरे."

"नंतर नंतर ती कधी गायचीच नाही. लहानपणी घरात सारखी गायची. लग्नानंतर बंद का झाली ते मला कधी कळलं नाही."

मी त्याला सांगितलं. बेअरिंगचा किस्सा त्याने पन्नास वेळा ऐकला होता, त्यावर हसलाही होता. या वेळी मी तो शेवटच्या वाक्यासकट सांगितला. तो हसला नाही, रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "पुन्हा लावा."

तो गेल्यावर मी वही घेतली. माझे दोन मार्क तिथे पेनात होते, ठळक. खाडाखोड करावी, पान फाडावं असंही मनात आलं. पण कारखान्यात प्रत्येक मशीनचं एक कार्ड असतं, आणि त्यावरची नोंद चुकली तर ती गिरवून झाकायची नाही असा नियम असतो. एकच आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे. खाली बरोबर नोंद, तारीख आणि सही. चाळीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं.

मी दोनवर एक रेघ मारली. शेऱ्यावर एक रेघ मारली. खाली काय लिहावं याचा बराच विचार केला. दहा लिहिले असते तर ते तिलाही खोटं वाटलं असतं, दोनदा शब्द चुकलेत. शेवटी मार्क लिहिलेच नाहीत. तिने मार्क विचारलेच नव्हते. तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर लिहिलं, 'सारखी नाहीत,' आणि खाली तारीख घालून सही केली.

मग कानसेनने दिलेला नवा पट्टा पुडीत गुंडाळला, वर लिहिलं 'बसवू नये', आणि डब्यात ठेवून दिला.